सोमारीच्या दारावरून

आवळटोल्यात कोणी नको ते उचललं आणि हवं ते घरी विसरलं, की लोक म्हणतात, "कोंबडा नेला वाट्टे!" बाहेरगावच्या माणसाला याचा अर्थ लागत नाही. रंभाबाईला लागतो. तिच्यासमोर मात्र हे बोलायची कोणाची छाती होत नाही, कारण तिच्या जिभेपुढे मांगूर माशाचा काटाही मऊ वाटावा.

गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या खालच्या अंगाला. नदीकडे मासेमारांचा ढिवर मोहल्ला, टेकाडावर शेतकऱ्यांची घरं आणि शाळा. रंभाबाई ढिवर मोहल्ल्यातली. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळी, पण डोक्यावर माशांची टोपली घेऊन बाजाराला निघाली की मागच्या बायकांना पळावं लागतं. नवरा श्रावण डोंगा चालवतो, जाळं टाकतो आणि बायको बोलत असली की गप्प राहतो. त्या घरात हेच शहाणपणाचं आहे.

कोंबड्याची गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. पोळ्याला चार दिवस होते. वरच्या धरणांचं पाणी आणि इकडचा पाऊस एकाच दिवशी आला आणि तासाभरात मोहल्ल्यात गुडघाभर पाणी झालं. रंभाबाईनं तीन बकऱ्या दोरीला धरल्या, जाळं खांद्यावर टाकलं, कागदपत्रांची पेटी डोक्यावर घेतली आणि कोंबडा काखेत मारून ती टेकाडाकडे निघाली. वाटेत सोमारीचं घर. सोमारी सत्तरीची, गुडघे आखडलेले, दिवसभर ओसरीतल्या खाटेवर. तिनं हाक मारली, "रंभे!" बकऱ्या कोकलत होत्या. हाक ऐकू आली नाही, की ऐकू आली आणि सोमारीला तिचा भाचा वारलू आणेल असं वाटलं, हे रंभाबाईला आजही नीट सांगता येत नाही. तेच तिला खातं.

वारलू त्या दिवशी पहाटेच गडचांदूरला सिमेंटच्या कामावर निघून गेला होता. शाळेत दीडशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. ज्याला त्याला वाटलं, सोमारी दुसऱ्या खोलीत असेल. कोणी मोजलं नाही. दीड दिवसानं पाणी उतरलं तेव्हा श्रावण डोंगा घेऊन खाली गेला. सोमारी धानाच्या ढोलीवर बसलेली सापडली. बांबूची उंच ढोली ती, आणि तसल्या गुडघ्यांनी म्हातारी वर कशी चढली ते देव जाणे. श्रावणला पाहून तिनं एवढंच विचारलं, "कोंबडा बरा हाये का?"

त्या दिवसापासून सोमारी रंभाबाईशी बोलली नाही. रंभाबाई माशाचं कालवण घेऊन गेली, तिनं भिंतीकडे तोंड केलं. रंभाबाईनं माफी मागितली, तिनं डोळे मिटून घेतले. कोंबडा रंभाबाईनं कापला नाही, विकलाही नाही. बाजारात एका अनोळखी माणसाच्या हाती देऊन टाकला. पण म्हणून गावाची जीभ काही थांबली नाही.

उन्हाळ्यात पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. पूर आल्यावर कोणी काय करायचं, त्याची समिती. रंभाबाईला वाचता येतं बेताचंच, पण नावं तिनं बोट ठेवून वाचली. तिसरं नाव म्हाताऱ्या झाडूचं होतं. झाडूला वारून दोन वर्षं झाली होती.

"झाडू येऊन आमाले वाचवनार का?" ती पंचायतीच्या दारातूनच ओरडली. "तो सोताच चौघांच्या खांद्यावर गेला!"

आतले हसले. टेकाडावरचा नथ्थू, ज्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, गावाच्या तिन्ही अंगांनी आहेत आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, तो म्हणाला, "मंग तूच बनव ना रंभाबाई तुही पलटन."

"बनवतोच," ती म्हणाली. आणि नथ्थूला वाटलं होतं तसं ते तोंडापुरतं नव्हतं.

तेंदूपानांचा हंगाम आटोपला होता, धानलावणीचा रोवणा लांब होता, त्यामुळे गाव घरीच होतं. रंभाबाई दारोदार फिरली. दहा-दहा घरांचा एक गट, असे चार गट झाले. प्रत्येक गटाला एक लांब दोर. कोणत्या घरात चालता न येणारं माणूस आहे, कोणती सून पोटुशी आहे, हे गटानं ध्यानात ठेवायचं. थाळी वाजली की कोण कोणाला उचलणार, नावानिशी ठरलं. दोन डोंगे पावसाळाभर गावातच बांधलेले राहतील हेही ठरलं, आणि त्यातला एक श्रावणचा होता. "मी तलावावर मासे धराले काय पोहत जाऊ?" तो पुटपुटला. "भावाच्या डोंग्यात बस," ती म्हणाली. सोमारीच्या नावासमोर तिनं स्वतःचं नाव घातलं. आपल्या हातांनी सोडलं होतं, आपल्याच हातांनी उचलायचं, असा तिचा हट्ट होता.

जुलैच्या मध्यावर तिनं ठरवलं, एकदा करून पाहू. कोणाला न सांगता. भर दुपारी चौकात उभं राहून तिनं पितळेची थाळी बडवायला सुरुवात केली. बडव बडव बडवली. हाताला कळ लागली तेव्हा कुठे दारं उघडली. कोण आलं? सहा म्हातारे, लहान पोरांचा घोळका आणि एक तापानं फणफणलेली बाई. बाकी सगळं गाव रोवण्याला गेलं होतं. कोणी नथ्थूच्या बांधीत, कोणी नाल्यापलीकडे, कोणी पिकअपमध्ये बसून दोन गावं सोडून. अख्खा जन्म रोवण्यात गेलेल्या बाईला, गट बांधताना, पावसाळ्यात दुपारी गावात चिटपाखरू नसतं हे आठवू नये! त्या दिवशी ती स्वतः कामाला दांडी मारून थांबली होती, म्हणून तेवढी तरी एक धडधाकट बाई गावात होती.

चौकालगतच्या ओसरीतल्या खाटेवरून सोमारी खदखदून हसली. रंभाबाईकडे तिनं पाहिलं नाही. दारातल्या बकरीला ती म्हणाली, "चाल वं बकरे, तूच घे मले खांद्यावर."

रंभाबाईला रडू आलं, पण तिनं ते गिळलं. घरी जाऊन तिनं थाळी चुलीजवळ आपटली. संध्याकाळी सून दिव्यानी कामावरून आली, तेव्हा सासू भिंतीला टेकून बसली होती. दिव्यानी म्हणजे रोवणाऱ्या बायकांच्या सगळ्यांत मोठ्या टोळीची म्होरकी. सासूची सून शोभते अशी.

"मी घरं मोजली," रंभाबाई म्हणाली. "मानसं कुठी असतात ते मोजलंच नाई. गट घराचा नाई, टोळीचा पायजे. चार टोळ्या हायेत. रोज हरेक टोळीतली एक बाई घरी राहीन. पाळीपाळीनं. चौघी असल्या की एक खाट उचलता येते. अन् जी घरी राहीन तिची पात बाकीच्यांनी रोवायची."

पात म्हणजे बांधीत एका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा. सगळ्या ओळीनं वाकून मागे सरकत रोवतात, आणि एक बाई कमी झाली की तिचा पट्टा दुसऱ्यांच्या कमरेवर येतो.

"काऊन?" दिव्यानी म्हणाली. "पूर येईन तवा येईन. कंबर तं रोज मोडते."

"तं तुह्या टोळीतली पात मी ओढतो. माहीबी अन् जी घरी राहीन तिचीबी."

"दोन पाती? ह्या वयात?"

"मंग ह्याच वयात. पुढच्या वयात तं खाटेवरच पडायचं हाये मले."

आणि तिनं ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून दिव्यानीच्या टोळीत ती दोन पाती धरायला लागली. बायका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून सुपारी खायच्या तेव्हा ही एकटी बांधीत वाकलेली असायची. पाचव्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, आठव्या दिवशी उठताना कंबर वाजली. तिनं कोणाला बोल लावला नाही, आणि रंभाबाई बोलत नाही म्हटल्यावर बायकांना जास्तच लाज वाटायला लागली. नवव्या दिवशी ती दुसऱ्या पातीकडे वळली तर निम्मी पात रोवलेली होती. दिव्यानी मान खाली घालून पुढे रोवत होती. दहाव्या दिवशी ती पात सगळ्यांनी वाटून घेतली. उरलेल्या तीन टोळ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. बांधीतली बातमी बाजारातल्या बातमीपेक्षा लवकर पोचते.

एक गोष्ट राहिली होती. कोणती टोळी कुठे गेली, हे घरी राहणाऱ्या चौघींना कळायचं कसं? मोबाइल असतात, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून धुऱ्यावर ठेवलेले, आणि नदीच्या अंगाला रेंज नसते. रंभाबाईनं विचार केला. गावातून कामावर जाणाऱ्या सगळ्या वाटा एका दारावरून जातात. त्या दारात खाटेवर जी बसलेली असते ती वीस वर्षं टोळीची म्होरकी होती. या शिवारातल्या एकूण एक बांधीचं नाव तिला पाठ आहे.

तिनं चारही टोळ्यांना सांगितलं, "कामावर जाताना सोमारीच्या दारावरून जा. कुठी चाललात, किती जनी, कधी येनार, तिले सांगून जा."

सोमारीला कोणी विचारलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी पहिली टोळी दारात थांबली तेव्हा म्हातारी खाटेवर ताठ बसली. "कोन्ती बांधी? आंब्याची? तिथी पान्याखाली दगडं हायेत, पाय जपून ठेवजा." दुसरी टोळी आली, तिला साप पाहून चालायला सांगितलं. पंधरा दिवसांत तिच्या आवाजात जुनी म्होरकी परत आली. बायका तिला मुद्दाम काहीबाही विचारायला लागल्या.

फक्त रंभाबाई दारात थांबली की सोमारी भिंतीकडे वळायची. तरी रंभाबाई सांगायची. दिव्यानी घरी असली की टोळी तिच्या हाती असायची, आणि मग तर सगळं तिलाच सांगावं लागायचं. बांधी, माणसं, वेळ. भिंतीला सांगितल्यासारखं. सांगून झालं की एक क्षण थांबायची, आणि पुढे निघायची. त्या क्षणात तिला रोज वाटायचं, आज वळेल. म्हातारी वळली नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मागास, म्हणजे उशिराचा, रोवणा चालू होता. त्या दिवशी दिव्यानीची घरी राहायची पाळी. रंभाबाई टोळी घेऊन निघाली. सोमारीच्या दारात थांबून म्हणाली, "नऊ जनी हाओत. नथ्थूभाऊच्या वरच्या बांधीत. ते दुपारपर्यंत होईन, मंग टोकावरच्या बांधीत जाऊ. दिवस बुडाच्या आत घरी." भिंतीकडे वळलेली पाठ हलली नाही. पाऊस भुरभुरत होता.

टोकावरची बांधी म्हणजे नाला नदीला मिळतो तिथलं कोपऱ्यातलं शेत. एकीकडे नदी, दुसरीकडे नाला, मागे एकच वाट. दुपारी जेवून बायका तिथे उतरल्या. तासाभरानं रंभाबाईला पायाखालचं पाणी गार लागलं. बांधीतलं पाणी उन्हापावसात कोमट असतं. हे नदीचं होतं. तिनं मान वर केली. नाल्याचं पाणी नदीकडे जात नव्हतं, नदीचं पाणी नाल्यात उलटं शिरत होतं, आणि मागची वाट पाण्याखाली गेली होती.

"रोपाच्या पेंढ्या सोडा!" ती ओरडली. "धुऱ्यावर चला, मोहाखाली!"

शेताच्या मधोमध उंच धुरा आणि त्यावर मोहाचं एक झाड. नऊ जणी तिथे चढल्या. रंभाबाईनं कमरेला गुंडाळलेला टोळीचा दोर सोडून खोडाला बांधला आणि एकेकीच्या हातात दिला. मोजलं. नऊ. परत मोजलं. मोबाइल काढला, रेंज नाही. पाणी धुऱ्याच्या निम्म्यावर आलं होतं. सर्वांत लहान, यंदाच लग्न होऊन आलेली पायल रडायला लागली.

"आपुन इथी हाओत हे कोनाले माहीत हाये?" तिनं विचारलं.

रंभाबाईनं मनातल्या मनात एकेक नाव घेतलं. नथ्थूला माहीत नव्हतं. तो सकाळीच कुरखेड्याला गेला होता आणि टोकावरची बांधी कधी घ्यायची ते त्यानं टोळीवर सोडलं होतं. दिव्यानीला वरची बांधी एवढंच ठाऊक. वरची बांधी टेकाडाला लागून, तिथे काळजीचं कारण नाही. लोक म्हणतील, त्या सुखरूप आहेत, येतील हळूहळू. जसं गेल्या साली म्हणाले होते. एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि त्या माणसानं वर्षभरात तिच्याकडे तोंड केलं नव्हतं. तिनं ऐकलं असेल का? ऐकलं तरी का म्हणून सांगावं तिनं? रंभाबाई भ्यायली. स्वतःसाठी भ्यायलीच, पण त्याहून जास्त त्या आठ जणींसाठी, कारण आपल्या पापाचं माप त्यांच्या पदरात पडतं आहे असं तिला वाटलं. तिनं पायलचा हात घट्ट धरला. "दोर सोडजो नोको," एवढंच म्हणाली.

पाणी धुऱ्याच्या माथ्याला लागलं तेव्हा नदीच्या अंगानं हाक आली. श्रावण आणि त्याचा भाऊ, दोन डोंगे, वल्ही नव्हे तर लांब बांबू रेटत. ते शोधत फिरत नव्हते. सरळ मोहाच्या झाडाकडेच येत होते.

पाच आणि चार अशा बायका बसल्या. डोंगा वळल्यावर रंभाबाईनं विचारलं, "इथी हाओत म्हून कोनं सांगतलं?"

श्रावणनं बांबू रेटला. "सोमारीनं. पान्यात उतरू का पाह्यत होतो, तं शाळेतून दिव्यानी पळत आली. म्हने, सोमारी आत्या म्हनते वरच्या बांधीत नाईत, टोकावरच्या बांधीत हायेत. आमी म्हनलं, पक्कं का? तं म्हातारीनं शिव्या घातल्या."

उजेड होता तोवर ते टेकाडाला लागले. शाळेच्या पायऱ्यांवर दिव्यानी उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. बोलता बोलता तिनं सगळं सांगितलं. पाणी दिसल्याबरोबर त्यांनी थाळी वाजवली, चौघी चार बाजूंनी आल्या. सोमारीची खाट चौघींनी उचलली, पोरं दोराला धरून चालली, म्हातारे मधे. कोणी राहिलं नाही. पण शाळेत पोचल्यावर सोमारी आडवी होईना. खाट दारात ठेवा म्हणाली. मग एकेक टोळी आली तशी ती बोटांवर मोजत गेली. तीन टोळ्या भरल्या. चौथीची नऊ माणसं कमी. लोक म्हणाले, येतील, वरच्या बांधीत आहेत. तशी म्हातारी कडाडली, "तुमी मागच्या सालीबी असंच म्हनलं होतं." डोंगे सुटेपर्यंत तिनं कोणाला चूल पेटवू दिली नाही.

"मी म्हनलं, आत्या, तू तं माह्या सासूसंगं बोलत नाईस," दिव्यानी म्हणाली. "तं म्हने, बोलत नाई, पन कान तं हायेत माहे."

रंभाबाई दारात गेली. सोमारी खाटेवर बसली होती. या खेपेला तोंड भिंतीकडे नव्हतं.

"किती आल्या?" तिनं विचारलं. सरळ रंभाबाईला विचारलं.

"नऊ, बाई."

"मोज."

रंभाबाईनं मागे वळून मोजलं. एकेकीकडे बोट दाखवलं. सोमारीनं एकेका तोंडाकडे पाहून मान हलवली, पायलपर्यंत. मग तिनं पाय थोडे ओढून घेतले आणि खाटेवर जागा केली.

रंभाबाई बसली. अंगावरचं चिखलाचं पाणी खाटेच्या सुंभात झिरपत होतं. वर्षभर साठवलेलं तिच्या तोंडाशी आलं. "बाई, त्या दिसी तू हाक मारली..."

"मारली होती," सोमारी म्हणाली. "तू गेलीस. मी दीड दिस त्या ढोलीवर तुह्याच नावानं बोटं मोडली. ते मी मेल्याबिगर इसरनार नाई, तूबी इसरू नोको." तिनं उशाशी झाकून ठेवलेली थाळी रंभाबाईच्या मांडीवर ठेवली. डोंगे सुटल्यावरच चूल पेटली होती. थाळीत पहिला निघालेला भात होता. "पन म्हून मी तुले तिथी सोडीन असं वाटलं का तुले?"

वाटलं होतं. रंभाबाई खोटं बोलली नाही. तिनं मान खाली घातली आणि मोठ्यानं रडली, सगळ्या गावासमोर, जशी ती आजवर कधी रडली नव्हती. सोमारीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "जेव आता. भात थंडा होऊन राह्यला."